उशिराचा ठोका

वहिनी : बंद कर. टिकटिक, बंद कर ते.

टिकटिक : केलं. पाणी देऊ?

वहिनी : पाण्याने काय होणार? किती वेळा झालं हे आज?

टिकटिक : मोजलं नाही.

वहिनी : तू मोजलं नाहीस! जिन्याच्या पायऱ्या मोजत चढणारी बाई तू. तुझ्या दादाने हौस म्हणून नाव ठेवलं होतं होय टिकटिक?

टिकटिक : सात वेळा.

वहिनी : सात. आणि सातही वेळा त्याच जागी. 'माझी एवढीशी नाव' म्हणायला जाते आणि धाप लागते. जिना चढून आल्यासारखी. नऊ वर्षं या ठोक्यांवर गातेय मी हे गाणं, ताप अंगात असताना गायलेय, एकदा तर दाढ दुखत असताना गायलेय. असं कधी झालं नव्हतं.

टिकटिक : दादा जाऊन चारच महिने झालेत, वहिनी. या आठवड्यात पहिल्यांदा गायला बसतेयस. लागेल आवाज हळूहळू.

वहिनी : आवाज लागायचा राहिलेला नाही, गळाच गेलाय. मला कळतं माझं. गळ्यात सूर आहे, पण श्वास पुरत नाही. श्वासाशिवाय नावाड्याचं गाणं म्हणजे वल्ह्याशिवाय नाव. हे गाणं शिकवणारी माझी मावशी असती तर म्हणाली असती, उतर खाली, दुसरीला बसू दे.

टिकटिक : दुसरी कुठून आणू मी?

वहिनी : थिएटरवाल्यांना फोन कर. रविवारचा कार्यक्रम रद्द म्हणून सांग.

टिकटिक : पोस्टर लागलंय दारावर. एवढं मोठं. 'नणंद-भावजय'. तू लाकडी नाव हातात धरून आणि मी वायरी गळ्यात घालून.

वहिनी : निदान नणंद-भावजय तरी छापलं. मागे त्या सूटवाल्याने स्टेजवरून काय ओरडून सांगितलं होतं?

टिकटिक : 'आता ऐका, लोकगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांचा मेळ घालणारी मायलेकींची जोडी!'

वहिनी : तीन वर्षांनी मोठी आहे मी तुझ्याहून. तीन!

टिकटिक : आठवडाभर घरात कुणाशी बोलली नव्हतीस. दादा माझ्या कानात म्हणाला, 'टिके, आता तिला आई म्हणून हाक मारू नकोस हं चुकून, रंधा फेकून मारेल.'

वहिनी : हसले होते का ते?

टिकटिक : खूप. लाकडाच्या भुशावर बसून हसला होता. तिथेच, त्या फळ्यांच्या मागे.

वहिनी : भुसा अजून तिथेच आहे.

टिकटिक : वहिनी, आणखी एकदा करून बघू. मी वेग थोडा कमी करते.

वहिनी : नको. ऐक, मला तुला सांगायचंय. नीट ऐक आणि मध्ये बोलू नकोस. सोमवारी मी माझ्या भावाकडे जातेय.

टिकटिक : जा की. चार दिवस जाऊन ये. बरं वाटेल.

वहिनी : चार दिवस नाही. बॅग भरलीये.

टिकटिक : ती जिन्याखालची? मला वाटलं दादाचे कपडे कुणाला द्यायला काढलेस.

वहिनी : माझे आहेत.

टिकटिक : आणि आई?

वहिनी : आईंना तू आहेस.

टिकटिक : आणि मला?

वहिनी : म्हटलं होतं ना मध्ये बोलू नकोस. मी दिवसभर या वर्कशॉपच्या वरच्या खोलीत बसते, टिकटिक. खालून रंध्याचा आवाज येत नाही. पॉलिशचा वास अजून भिंतींना आहे, आणि आवाज नाही. गाता आलं असतं तर राहिले असते. गाणं होतं तोवर मला इथे जागा होती. आता मी इथे कोण?

टिकटिक : वहिनी आहेस माझी.

वहिनी : दादा होता म्हणून वहिनी.

टिकटिक : हे बोलायच्या आधी एकदा तरी माझ्याकडे बघायचं होतंस.

वहिनी : रागावू नकोस. एकच मागणं आहे. मला ते दे.

टिकटिक : काय?

वहिनी : त्यांचे हातोड्याचे ठोके. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सकाळची अकरा मिनिटं. ठक, ठक, सर्र, ठक. गाणं नको मला. गाण्यात मी आहे, तू आहेस, तुझी ती सगळी गुणगुणणारी यंत्रं आहेत. मला फक्त ते हवेत. एवढ्याशा कशात तरी घालून दे. भावाच्या घरी उशीखाली ठेवीन.

टिकटिक : देते.

वहिनी : आत्ता दे.

टिकटिक : आत्ता... फाइल मोठी आहे. बघते. शोधावी लागेल.

वहिनी : तुला शोधावं लागतं कधीपासून? तुझ्या लॅपटॉपमध्ये सुयासुद्धा नंबर लावून ठेवलेल्या असतील.

टिकटिक : रविवारनंतर देते ना.

वहिनी : रविवार नाहीये. सांगितलं मी.

टिकटिक : मग नाही देत! सगळं तूच नेणार का? स्वतःला नेणार, गाणं नेणार, आता त्यालाही नेणार. तुझा नवरा होता, मान्य आहे. पण त्याच्याआधी पंचवीस वर्षं माझा भाऊ होता तो. मला काय ठेवणार आहेस? पोस्टर?

वहिनी : आवाज खाली कर. आई येताहेत.

टिकटिक : आईला काय ऐकू येणार आहे!

आई : ऐकू येत नसलं तरी तोंड दिसतं मला. एवढं मोठं उघडलंयस की पडजीभ दिसतेय. भांडताय?

टिकटिक : नाही आई. बोलतोय.

आई : माझ्याकडे बघून बोल. असं तोंड फिरवून बोलतात का कुणी? काय म्हणालीस?

टिकटिक : बोलतोय म्हटलं!

आई : कळलं. स्वयंपाकघरात उभी होते. फरशीतून धमधम येत होतं, ते एकदम बंद झालं. म्हटलं, बघावं. चार महिन्यांत पाय ठेवला नव्हता इथे. दरवाजा अर्धाच राहिलाय की त्याचा.

वहिनी : हो आई. कुणी घ्यायला आलं नाही.

आई : पेन्सिलीच्या खुणा तशाच आहेत. पुसू नका गं. माझं स्टूल कुठाय?

वहिनी : हे घ्या. बसा.

आई : आता लाव ते, टिके. त्याचंच लाव, बाकीचं नको. मी हात ठेवते.

टिकटिक : आई, आत्ता नको. वहिनीला बरं नाहीये.

आई : सूनबाई, बरं नाही तुला?

वहिनी : मी ठीक आहे. लाव गं. आईंना ऐकू दे. मलाही ऐकू दे एकदा, नुसतं.

टिकटिक : वहिनी, ऐक ना...

वहिनी : लाव.

(टिकटिक कळ दाबते. आई स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवते, डोळे मिटते. ठक, ठक, सर्र, ठक. ठक, ठक, सर्र, ठक. थोड्या वेळाने ती हात काढून घेते.)

आई : हा कोण?

वहिनी : आई, असं काय करता? हेच आहेत.

आई : नाही.

वहिनी : त्या सकाळचं आहे, आई. मी खिडकीशी पॉलिश पेपर घासत होते, हे तुमच्या कपाटाचं दार करत होते. टिकटिकने चोरून रेकॉर्ड केलं होतं. नऊ वर्षं हात ठेवून बसलात ना तुम्ही यावर!

आई : म्हणूनच म्हणते. नऊ वर्षं बसले. हा माझा मुलगा नाही. हा कुणी घाईचा माणूस आहे. कुणाची वाट बघत नाही हा.

वहिनी : टिकटिक, आई काय म्हणताहेत?

(टिकटिक मान खाली घालून लॅपटॉप मिटू लागते.)

वहिनी : वर बघ. टिकटिक. काय केलंस तू?

टिकटिक : सरळ केलं.

वहिनी : म्हणजे?

टिकटिक : स्क्रीनवर उभ्या रेघा असतात, वहिनी. प्रत्येक ठोका रेघेवर पडायला हवा. दादाचे पहिले दोन पडायचे. मग रंधा ओढायचा आणि शेवटचा ठोका... तो कधीच जागेवर नसायचा. कधी इतका उशिरा, कधी तितका. नऊ वर्षं मी बाकीचं सगळं त्याच्याभोवती वाकवत आले. तो होता तोवर त्याला चिडवायचे, 'दादा, तालात कच्चा आहेस.' तो म्हणायचा, 'बरं बाई, सुतार आहे मी, तबला वाजवणारा नाही.'

वहिनी : पुढे?

टिकटिक : तो गेला आणि पंधराव्या दिवशी थिएटरवाल्यांचा फोन आला. एवढं मोठं थिएटर आपल्याला कधी मिळालं नव्हतं. मला वाटलं, सगळे ऐकतील आणि म्हणतील, ठोका चुकतोय. मेलेल्या माणसाची चूक काढतील. मला ते नको होतं. मग दोन दिवस बसले आणि एकेक ठोका उचलून रेघेवर ठेवला. सहाशे बारा ठोके, वहिनी. त्याचे बूट पुसून दारात ठेवावेत ना, तसं वाटत होतं मला. काहीतरी करतेय त्याच्यासाठी असं.

वहिनी : आणि आधीचं? जसं होतं तसं?

टिकटिक : त्यावरच सेव्ह केलं.

वहिनी : म्हणजे नाही?

टिकटिक : जुना लॅपटॉप केव्हाच मोडीत गेला. मला वाटलं होतं, हेच चांगलं आहे, ते कशाला ठेवायचं. आज सकाळपर्यंत मला असंच वाटत होतं.

आई : काय म्हणतेय ती? पुटपुटू नकोस, टिके.

वहिनी : आई, म्हणतेय की यांना सरळ केलं. वाकडे होते ना!

टिकटिक : वहिनी...

वहिनी : तुला ठाऊक आहे तू काय केलंस? विचारलं होतंस मला? वर राहत होते मी. एक जिना. एक जिना चढून विचारता आलं नाही तुला?

टिकटिक : तू दार उघडत नव्हतीस.

वहिनी : मोडायचं होतंस!

टिकटिक : हो. मोडायचं होतं.

वहिनी : चुकत नव्हते ते. मूर्ख पोरी, एकदाही चुकले नाहीत. त्या सकाळी मी गात नव्हते का?

टिकटिक : गुणगुणत होतीस. ऐकू येत होतं मागे थोडं. ते मी तेव्हाच काढलं होतं. फक्त ठोके हवे होते मला.

वहिनी : आधी मला काढलंस आणि मग त्यांना म्हणालीस, ताल चुकतोय! अगं, मावशीचं गाणं म्हणत होते मी. वल्हं ओढायचं गाणं. ओढताना एक श्वास, सोडताना एक श्वास. ते रंधा ओढायचे माझ्या शब्दांवर. आणि ओळ संपली की चष्म्यावरून बघायचे माझ्याकडे. मी श्वास घेतला की मग ठोका. लहानपणापासून माझा दमच आखूड, त्यात पॉलिशची वाफ. कधी लवकर मिळायचा श्वास, कधी उशिरा. तेवढे थांबायचे. नऊ वर्षं त्या ठोक्यावर गायले मी आणि एकदाही दम लागला नाही, कारण प्रत्येक ओळीला माझ्या श्वासाची जागा राखून ठेवली होती कुणीतरी.

टिकटिक : त्याने कधी सांगितलं नाही.

वहिनी : मलाही नाही. सांगायचं काय असतं त्यात?

टिकटिक : म्हणून धाप लागतेय तुला. गळा नाही गेलेला.

वहिनी : नाही. गळा नाही गेला.

टिकटिक : मी... वहिनी, मी त्याला दुसऱ्यांदा...

वहिनी : पुढचं बोलू नकोस. आई बघताहेत तोंडाकडे.

आई : बघतेय, पण आता रडताय दोघी, ओठ हलतात त्यात काही कळत नाही. सावकाश बोला.

टिकटिक : गाण्यांमध्ये आहे तो अजून, जी आपण बाहेर काढली त्यांत. पण तिथे सगळं एकात एक गेलंय. वर तुझा आवाज, खाली माझे सूर. त्याला एकट्याला वेगळं काढता येत नाही. दोन नद्या एक झाल्यावर तांब्यात एकीचंच पाणी भरून दे म्हटल्यासारखं आहे ते.

वहिनी : म्हणजे उशीखाली ठेवायला काही नाही.

टिकटिक : आपण दोघी आहोत त्यातच आहे. तेवढाच आहे.

वहिनी : तुला एक सांगू? कुणाला सांगितलं नाही हे. हे गेले त्या दुपारी मी वर होते. या दरवाजाचं काम करत हे खाली होते. मी वरच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होते आणि गात होते. खालून ठक, ठक. मग सर्र. मी ओळ संपवली, श्वास घेतला. ठोका नाही.

टिकटिक : वहिनी.

वहिनी : मला वाटलं, थांबलेत. माझ्यासाठी थांबलेत. म्हणून मी पुन्हा श्वास घेतला, खाली ऐकू जाईल असा मोठा, म्हणजे कळावं त्यांना. तरी नाही. मला हसू आलं. म्हटलं, आज मस्करी करताहेत. मी तांदूळ निवडत राहिले, टिकटिक. ताट संपेपर्यंत निवडत राहिले. मग हाक मारली.

टिकटिक : डॉक्टर म्हणाले होते, एका क्षणात गेला. तू धावत आली असतीस तरी...

वहिनी : म्हणाले होते. पण ते थांबतात हे मला इतकं माहीत होतं ना, की ते थांबलेत यात मला काही वावगं वाटलंच नाही.

आई : सूनबाई, इकडे ये. बस इथे. तुझं बोलणं कळलं मला. तुझे ओठ स्वच्छ हलतात, हिच्यासारखे नाही.

वहिनी : तुम्हाला कळायला नको होतं, आई.

आई : का? माझाच होता. तुला एक ठाऊक नाही. थांबायला मी शिकवलं त्याला. चार वर्षांचा होता तेव्हा माझे कान गेले. पाठीमागून हाका मारायचा, मला पत्ता नाही. रडायचा. मग शिकला. समोर यायचा, उभा राहायचा, मी वर बघेपर्यंत थांबायचा, आणि मगच तोंड उघडायचा. ही झाली तेव्हा आम्हाला सवय झाली होती, घरात सगळेच समोर येऊन बोलायचे. हिला थांबायचं कारण पडलं नाही.

टिकटिक : आई!

आई : खोटं आहे का? तुझी काय चूक म्हणा. घाईतच जन्मलीस, आठव्या महिन्यात.

वहिनी : आई, तुम्ही पण ना...

आई : हसलीस. बरं झालं. आता म्हण ते.

वहिनी : काय?

आई : नावेचं. तो लाकडी हातोडा मला दे गं टिके, आणि तो रंधा कुणी हलवला नाही ना? तो तू घे. लहानपणी शिकवला होता त्याने तुला.

टिकटिक : मला सरळ नाही मारता येत. चर पडतील लाकडावर.

आई : पडू देत. दरवाजावर नको, त्या फळकुटावर मार. सूनबाई, समोर बस माझ्या. तोंड दिसलं पाहिजे मला.

वहिनी : आई, तुम्हाला ऐकू येणार नाही, ठोका कसा...

आई : ऐकून देत होता का तो? बघून देत होता. मला बघता येतं.

टिकटिक : वहिनी, रेकॉर्ड करू?

वहिनी : नको.

टिकटिक : बरं.

वहिनी : रविवारी गाऊ. फोन करू नकोस त्यांना. पण सोमवारी मी जाणार आहे, टिकटिक. ते काही बदललेलं नाही.

टिकटिक : जा. मी सोडायला येईन.

वहिनी : तू किती दिवसांनी परत ये म्हणतेस?

टिकटिक : मी मोजणार नाही.

वहिनी : 'नदीच्या पल्याड गं, माझ्या बंधवाचा गाव...'

आई : ठक, ठक. असंच ना? ओढ की गं, टिके.

टिकटिक : ओढतेय. अडकतोय.

वहिनी : '...मधी पाणी ऐसपैस, माझी एवढीशी नाव.'

टिकटिक : वहिनी, आलं. पूर्ण आलं!

वहिनी : गप्प, ओढ. 'वल्हं मारिते मारिते, पाणी फाटतं, मिटतं... कोण गेलं कुण्या वाटे...'

आई : का गं थांबली ती? संपलं?

टिकटिक : नाही आई. श्वास घेतेय.

आई : मग थांबते मी.